व्हेरा फिग्नर : एका बॉम्बहल्ल्यात न मावणारे आयुष्य

महोदय,

रशियातील झारशाहीविरुद्ध लढलेल्या स्त्रियांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रांत क्वचितच येतो, म्हणून लेखाचे मनापासून स्वागत करते. मात्र त्यात व्हेरा फिग्नरच्या वाट्याला दोनच वाक्ये आली आहेत : झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येच्या कटात ती सामील होती आणि त्याबद्दल तिला फाशीऐवजी जन्मठेप भोगावी लागली. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु १८५२ ते १९४२ असे जवळजवळ नव्वद वर्षांचे आयुष्य एवढ्यावर आटोपले की वाचकासमोर फक्त बॉम्बच्या कटातली एक बाई उभी राहते. ती त्या कटापर्यंत कशी पोहोचली आणि त्यानंतरच्या साठ वर्षांत तिने काय केले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. तिच्या चरित्राचा गाभा याच दोन प्रश्नांत आहे असे मला वाटते, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र लिहीत आहे.

व्हेराचा जन्म कझान प्रांतातल्या एका उमराव घराण्यात झाला. वडील वनखात्यात अधिकारी होते आणि सहा भावंडांत ती थोरली होती. कुलीन मुलींसाठी असलेल्या कझानच्या निवासी शाळेत तिची सहा वर्षे गेली. तिथे शिस्त, रीतिरिवाज आणि मैत्रिणी मिळाल्या, ज्ञान मात्र बेताचेच मिळाले, असे तिने पुढे आठवणींत नोंदवले आहे. याच सुमारास नादेज्दा सुस्लोव्हा या रशियन तरुणीने झ्युरिकच्या विद्यापीठातून वैद्यकाची पदवी मिळवल्याचे तिच्या वाचनात आले. ते साल १८६७ होते, आणि खुद्द रशियात स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. आपणही डॉक्टर व्हायचे आणि खेड्यात जाऊन लोकांवर उपचार करायचे, हा व्हेराचा निश्चय तेव्हापासूनचा. १८७० मध्ये तिचे लग्न अलेक्सेई फिलिपोव्ह या न्यायखात्यातल्या तपास अधिकाऱ्याशी झाले. त्यालाही नोकरी सोडायला लावून १८७२ मध्ये ती पती आणि धाकटी बहीण लिडिया यांच्यासह झ्युरिकला पोहोचली. त्या वेळी तिच्या मनात क्रांती नव्हती, दवाखाना होता, ही गोष्ट विसरली जाऊ नये.

झ्युरिकमध्ये तेव्हा शंभराहून अधिक रशियन मुली शिकत होत्या. त्या व्याख्यानांना जात, शवविच्छेदन करत, आणि संध्याकाळी आपल्या देशातल्या शेतकऱ्याची स्थिती, कामगारांच्या चळवळी आणि समाजवाद यांवर तासन्‌तास वाद घालत. सोफिया बार्दिना, ल्युबातोविच भगिनी आणि लिडिया यांच्या मंडळात व्हेराही ओढली गेली. तिच्या पतीला हे विचार मानवेनात. दोघांची मने दुरावली आणि पुढे घटस्फोट झाला. याच काळात, १८७३ च्या उन्हाळ्यात, झारच्या सरकारने एक फर्मान काढले. १ जानेवारी १८७४ नंतर झ्युरिकमध्ये राहणाऱ्या मुलींना रशियात कोणतीही परीक्षा देता येणार नाही आणि कोणतीही नोकरी मिळणार नाही, असे त्यात बजावले होते. या मुली स्वैराचाराच्या नादी लागल्या आहेत, आणि त्यांतल्या काही जणी प्रसूतिशास्त्राचा जो भाग शिकतात तो सर्व देशांच्या कायद्यांत गुन्हा ठरलेला आहे, असा गलिच्छ आरोपही त्याच जाहीरनाम्यात होता. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलींच्या चारित्र्यावर खुद्द सरकारने जाहीरपणे चिखल उडवला, त्याचा परिणाम सरकारला हवा होता त्याच्या अगदी उलट झाला. मंडळातल्या बहुतेक मुली शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतल्या, कामगार स्त्रियांच्या वेशात मॉस्कोच्या गिरण्यांत राबू लागल्या आणि तिथेच समाजवादाचा प्रचार करताना १८७५ मध्ये पकडल्या गेल्या. १८७७ च्या ‘पन्नास जणांच्या खटल्या’त बार्दिनाने केलेले भाषण गुप्त छापखान्यांतून देशभर पसरले. लिडियाला सैबेरियात हद्दपारी मिळाली.

व्हेरा मात्र तोवर स्वित्झर्लंडमध्येच, बर्नला शिकत होती. पदवी काही महिन्यांवर आली असताना तिला रशियातून निरोप आला की सहकारी तुरुंगात आहेत, काम करायला माणसे उरलेली नाहीत, परत ये. इतक्या वर्षांची इच्छा, आईने पाठीशी उभे राहून दिलेला आधार आणि हातातोंडाशी आलेली पदवी हे सारे एका पारड्यात होते. दुसऱ्यात गजाआड गेलेली बहीण आणि मैत्रिणी होत्या. १८७५ च्या अखेरीस ती पदवीविना परतली. मायदेशी तिने डॉक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या वैद्यकीय सहायकाची आणि सुईणीची परीक्षा दिली आणि खेड्याची वाट धरली.

तिच्या आयुष्याचा हा टप्पा चरित्रकार बहुधा घाईने ओलांडतात, आणि नेमके तेच मला खटकते. १८७७ मध्ये समारा प्रांतात, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या म्हणजे झेम्स्त्वोच्या नोकरीत, तिच्याकडे अनेक गावे सोपवली होती, आणि महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस ती या गावाहून त्या गावाला फिरतीवर असे. भूदासप्रथा १८६१ मध्ये कागदोपत्री संपली होती, पण शेतकऱ्याच्या वाट्याला अपुरी जमीन आली होती, आणि त्या जमिनीची किंमतही तो वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी फेडत होता. व्हेराने खेड्यातले हे दारिद्र्य प्रथमच जवळून पाहिले. वर्षानुवर्षे अंगावर काढलेले त्वचारोग, संधिवात, उपदंश, लहान मुलांच्या अंगावरच्या जखमा असे रोगी दिवसभर येत राहत. रोगाचे मूळ उपासमारीत आणि घाणीत, आणि आपल्या हातात काय, तर पुड्या आणि मलम. दिवसाअखेर गवताच्या अंथरुणावर पडल्यावर हा सगळा उपचार म्हणजे या माणसांची क्रूर थट्टा आहे असे वाटून मन खचून जाई, असे तिने लिहिले आहे. क्रांतीचा प्रचार करण्यासाठी गेलेल्या या मुलीच्या तोंडून थकलेल्या, आजारी माणसांपुढे प्रचाराचा शब्दही निघत नसे. तिच्या आठवणींतली ही कबुली मला कोणत्याही शौर्यकथेपेक्षा मोलाची वाटते.

पुढच्या वर्षी ती बहीण येवगेनियासह सारातोव्ह प्रांतातल्या व्याझ्मिनो गावी गेली. तिथे पहिल्या महिन्यात आठशे आणि दहा महिन्यांत पाच हजार रुग्ण आपण तपासले, असे ती सांगते. येवगेनियाने मुलामुलींसाठी फुकट शाळा काढली, कारण आसपासच्या मोठ्या टापूत एकही शाळा नव्हती. संध्याकाळी दोघी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन पुस्तके वाचून दाखवत, आणि शेजारीपाजारी ऐकायला जमत. आठवणींमधली तिची सर्वांत आनंदी पाने या संध्याकाळच्या वर्णनाची आहेत. पण जमीनदार, गावचा कारकून आणि धर्मगुरू यांना या दोघींचे गावात असणे सहन होईना. ‘देव नाही आणि झारची गरज नाही’ असे शाळेत शिकवले जाते, अशी अफवा उठवली गेली, चौकशा सुरू झाल्या, आणि बहिणींशी बोलणाऱ्या शेतकऱ्यांवरही पाळत बसली. कायद्यात बसणारे, उघड्यावर चालणारे, औषध आणि अक्षरओळख यांपलीकडे न जाणारे कामसुद्धा या राज्यात करता येत नाही, हा धडा तिला राजधानी पीटर्सबर्गच्या चर्चांत मिळालेला नाही; तो व्याझ्मिनोत मिळाला. शेजारच्या तालुक्यात काम करणारा अलेक्सांद्र सोलोव्योव्ह त्यांना येऊन भेटला आणि झारवर गोळी झाडण्याचा आपला बेत त्याने बोलून दाखवला. २ एप्रिल १८७९ रोजी त्याने झाडलेल्या गोळ्या चुकल्या आणि त्याला फाशी झाली. दोघी बहिणींना गाव सोडावे लागले.

त्याच वर्षी वोरोनेझला क्रांतिकारकांची बैठक झाली आणि थोड्याच काळात ‘झेम्ल्या इ वोल्या’ (‘जमीन आणि स्वातंत्र्य’) ही त्यांची संघटना फुटली. खेड्यातल्या प्रचारावरच भर द्यावा असे मानणाऱ्यांत प्लेखानोव्ह होता, आणि व्हेरा झासुलिचही त्याच बाजूला गेली. पीटर्सबर्गचा गव्हर्नर त्रेपोव्ह याने एका राजकीय कैद्याला फटके मारवले म्हणून १८७८ मध्ये त्याच्यावर गोळी झाडणारी आणि ज्युरीने निर्दोष सोडलेली ती ही दुसरी व्हेरा. या दोघींची पुष्कळदा गल्लत होते, म्हणून एवढा उल्लेख केला. व्हेरा फिग्नर ‘नरोदनाया वोल्या’ (‘जनतेची इच्छा’) या फुटीतून निघालेल्या दुसऱ्या गटाच्या कार्यकारी समितीत गेली. राजकीय स्वातंत्र्याशिवाय लोकांमध्ये कोणतेही काम उभे राहू शकत नाही, आणि निरंकुश सत्तेवर तिच्या शिखराशीच आघात केला पाहिजे, ही या पक्षाची भूमिका होती.

१८७९ च्या शरद ऋतूत झारची गाडी ओडेसाजवळून जाणार म्हणून रुळांखाली सुरुंग पेरण्याचे ठरले. त्यासाठी आपला एक माणूस रेल्वेत चौकीदार म्हणून लागणे गरजेचे होते. व्हेरा उंची मखमली पोशाख करून बॅरन उंगर्न-स्टर्नबर्ग या बड्या अधिकाऱ्याकडे गेली, आपल्या दरवानाच्या क्षयी बायकोला शहराबाहेरची मोकळी हवा हवी आहे म्हणून नवऱ्याला रुळांवर काम द्यावे अशी रदबदली तिने केली, आणि सहकारी फ्रोलेन्कोला ती जागा मिळवून दिली. उमराव घराण्यात वाढल्यामुळे अंगवळणी पडलेली प्रतिष्ठा तिने अशी कामी आणली. झारची गाडी त्या मार्गाने आलीच नाही.

१ मार्च १८८१ च्या आदल्या रात्री पीटर्सबर्गमध्ये व्हेराच्या राहत्या घरीच संघटनेचा स्फोटकतज्ज्ञ किबालचिच आणि त्याच्या साथीदारांनी बॉम्ब तयार केले. व्हेरानेही रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांना हातभार लावला. संघटनेचा नेता झेल्याबोव्ह दोनच दिवसांपूर्वी पकडला गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी कालव्याच्या काठावर इशारा देण्याचे काम सोफिया पेरोव्स्कायाने केले. दुसऱ्या बॉम्बने झार गेला. आपल्या लेखात नाही, पण सांगितलेच पाहिजे असे एक सत्य हेही आहे की त्या दिवशी झारच्या पहाऱ्यावरचा एक कझाक सैनिक आणि रस्त्यावरून जाणारा एक लहान मुलगाही मेला. क्रांतिकारकांवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या मुलाला हिशेबाबाहेर ठेवू नये. ३ एप्रिलला पेरोव्स्कायासह पाच जणांना फाशी झाली. राजकीय गुन्ह्यासाठी रशियात फाशी गेलेली ती पहिली स्त्री. समितीने मार्चमध्येच नव्या झारला खुले पत्र लिहून राजकीय कैद्यांना माफी द्या, जनतेने मोकळेपणी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा बोलवा, आम्ही शस्त्र खाली ठेवतो, असे सांगितले होते. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांची हत्या झाली तेव्हा याच समितीने तिचा जाहीर निषेध केला, कारण जिथे माणसाला मोकळेपणाने मत मांडता येते तिथे राजकीय खून ही हुकूमशाहीच ठरते, असे तिचे म्हणणे होते. ‘दहशतवादी’ या एका शब्दात या माणसांना बसवताना निदान हे दोन दस्तऐवज लक्षात घ्यायला हवेत.

१८८२ पर्यंत कार्यकारी समितीच्या जुन्या सदस्यांपैकी रशियात मोकळी राहिलेली एकटी व्हेरा होती. परदेशी जा, असा आग्रह झाला. ती गेली नाही. विस्कटलेले धागे जोडण्यासाठी ती दक्षिणेत फिरत राहिली, पण जिच्यावर विश्वास टाकला तीच व्यक्ती फितूर निघाली. सेर्गेई देगायेव्हने पोलिसांना सर्व काही सांगितले आणि १० फेब्रुवारी १८८३ रोजी खार्कोव्हच्या रस्त्यावर तिला अटक झाली. (हाच देगायेव्ह पुढे नाव बदलून अमेरिकेत गेला आणि साऊथ डकोटाच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला, त्याच्या दगाफटक्याने उद्ध्वस्त झालेली माणसे त्या वेळी कोठड्यांत दिवस मोजत होती.) सप्टेंबर १८८४ मध्ये ‘चौदा जणांच्या खटल्या’त व्हेराला फाशीची शिक्षा सुनावली गेली. न्यायालयापुढच्या अखेरच्या निवेदनात तिने कोणावर आरोप केले नाहीत आणि दयेची याचनाही केली नाही; शांततेच्या मार्गाने सुरू झालेले आयुष्य एकेक वाट बंद होत इथवर कसे आले, एवढेच सांगितले. नंतर शिक्षा जन्मठेपेत बदलली.

लाडोगा सरोवरातून नेवा नदी जिथे बाहेर पडते तिथल्या बेटावरचा श्लिसेलबर्गचा किल्ला हे तिचे पुढच्या वीस वर्षांचे घर झाले. तिथे कैद्याला नाव नसे. ती क्रमांक ११ होती. सुरुवातीच्या वर्षांत बोलणे बंद होते, भिंतीवर ठकठक करून अक्षरे जुळवणे हाही गुन्हा होता, आणि माणसे क्षयाने, वेडाने किंवा स्वतःच्या हाताने मरत होती. सहकैदी ग्राचेव्स्कीने १८८७ मध्ये अंगावर रॉकेल ओतून स्वतःला जाळून घेतले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात याच किल्ल्यात अलेक्सांद्र उल्यानोव्ह, म्हणजे लेनिनचा थोरला भाऊ, चार साथीदारांसह फासावर चढला. तुरुंगातली दुसरी स्त्री ल्युदमिला वोल्केन्श्टाइन हिच्यासोबत अंगणात फिरण्याची सवलत व्हेराला मिळाली तेव्हा, ती सर्व कैद्यांना मिळेपर्यंत आम्हीही घेणार नाही, असे ठरवून त्या दोघींनी एकमेकींचा सहवासच सोडून दिला. त्या एकांतात दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्याची किंमत काय असेल, याची कल्पना केल्यावरच या त्यागाचे वजन कळते. हळूहळू, उपोषणे आणि हट्ट यांच्या जोरावर, कैद्यांनी पुस्तके, बागेचे वाफे आणि कामाची साधने मिळवली. राजधानी तिथून फार लांब नव्हती. १८९० मध्ये त्याच राजधानीच्या शाही रंगमंचावर तिचा सख्खा भाऊ निकोलाय चायकोव्हस्कीच्या नव्या संगीतिकेत नायकाची भूमिका गात होता, आणि बहीण किल्ल्यात होती.

१९०२ मध्ये पत्रव्यवहारावर पुन्हा बंदी आली तेव्हा व्हेराने तुरुंगाधिकाऱ्याच्या खांद्यावरची पदचिन्हे ओरबाडून काढली. या कृत्याला मृत्युदंड होऊ शकतो हे तिला ठाऊक होते, आणि तिने तो गृहीतच धरला होता. तो झाला नाही. उलट १९०३ च्या सुरुवातीला तिची जन्मठेप वीस वर्षांवर आणली गेल्याचे तिला कळवण्यात आले. मृत्युशय्येवर असलेल्या आईने झारकडे दयेचा अर्ज केला होता. तसे कधीही करू नकोस, असे व्हेराने तिला अटकेनंतर बजावले होते, आणि म्हणून सुटकेची ही बातमी तिला अपमानासारखी लागली. आई त्याच वर्षी गेली. भेट झाली नाही. या प्रसंगात कोण बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार मी स्वतःला देणार नाही. पण मुलीचे ब्रीद आणि आईचे काळीज यांची ही गाठ तिच्या चरित्रात वगळली जाते, तेव्हा त्या चरित्रातली माणसेच निघून जातात.

१९०४ मध्ये सुटल्यावर आधी अर्खांगेल्स्क प्रांतात हद्दपारी, मग १९०६ पासून परदेश. समाजवादी क्रांतिकारक पक्षात ती काही काळ राहिली, पण त्या पक्षाच्या लढाऊ संघटनेचा प्रमुख आझेफ हाच पोलिसांचा हस्तक निघाल्यावर तिने पक्षाकडे पाठ फिरवली. १९१० मध्ये तिने पॅरिसला राजकीय कैद्यांच्या मदतीसाठी समिती उभारली, युरोपातल्या शहरांत व्याख्याने दिली आणि रशियन तुरुंगांतली परिस्थिती जगापुढे मांडून पैसे गोळा केले. वीस वर्षे कोठडीत काढलेली साठीच्या जवळची बाई उरलेली शक्ती दुसऱ्यांच्या कोठड्यांसाठी खर्च करते, ही गोष्ट मला तिच्या साऱ्या आयुष्यात सर्वांत उंच वाटते. मार्च १९१७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी पेट्रोग्राडमध्ये (म्हणजे पीटर्सबर्गमध्येच, तेव्हा त्याचे नाव बदलले होते) निघालेल्या प्रचंड मोर्चाच्या अग्रभागी ती होती, आणि त्याच वर्षी रशियन स्त्रियांना तो अधिकार मिळाला. बोल्शेविकांच्या राज्यात तिला मान मिळाला, पण त्यांच्या पक्षात ती कधीच गेली नाही. नव्या राजवटीच्या राजकीय कैद्यांना मदत करणाऱ्यांच्या पाठीशीही ती उभी राहिली. १५ जून १९४२ रोजी, युद्धाच्या धामधुमीत, मॉस्कोत तिचे निधन झाले.

आता आपल्या लेखातला शेवटचा मुद्दा. या स्त्रियांना हिंसेबद्दल कधी प्रश्नच पडला नाही, असे त्यात म्हटले आहे. व्हेरा फिग्नरपुरते तरी हे खरे नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तिने स्पष्ट लिहिले आहे की सरकार आणि पक्ष यांच्या झुंजीने सगळ्या वातावरणातच विष भिनवले, शत्रूविरुद्ध कोणतेही साधन योग्य असे पक्षाने मानले, डायनामाइट आणि पिस्तूल यांची पूजा सुरू झाली आणि हिंसेने माणसातली क्रूरता जागी केली. हे लिहिताना तिने आपल्या निवडीचा इन्कार केला नाही, साथीदारांपासून स्वतःला वेगळे काढले नाही आणि फासाखालून वाचल्याचे भांडवलही केले नाही. ज्या हातांनी ते डबे कापले त्याच हातांनी तिने हा हिशेब मांडला.

या आठवणींचे इंग्रजी भाषांतर १९२७ मध्ये निघाले आहे. आपल्या पुरवणीत रशियन क्रांतीवर लेख येतात त्या जागी, व्याझ्मिनोच्या दवाखान्यावरच्या आणि श्लिसेलबर्गमधल्या वर्षांवरच्या काही पानांचा मराठी अनुवाद एखाद्या जाणकाराकडून करवून घेऊन क्रमशः छापावा, अशी माझी विनंती आहे. १ मार्चची पाने त्यानंतर यावीत.

आपली नम्र,
एक नियमित वाचक